‘हो जाएगा, बाजी’ला माझं उत्तर

गोधडी परत आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून, वर लाल फीत बांधून, लग्नाच्या आहेरासारखी सजवून ती माझ्या हातात ठेवली गेली. मी पिशवी उघडली आणि आत माझ्या अम्माच्या साड्या शोधू लागले.

अम्मा जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या सात साड्या माझ्याकडे होत्या. कराडकडच्या आमच्या घरात गेलेल्या माणसाची लुगडी एक तर वाटून टाकतात, नाहीतर त्यांची वाकळ शिवतात. मला शिवता येत नाही, हा माझा दोष. म्हणून शीव कोळीवाड्यात, घरापासून दहा मिनिटांवर, गाद्या भरणाऱ्या आणि रजया-गोधड्या शिवून देणाऱ्या एका कारागिराकडे मी त्या नेल्या. त्यांचं नाव, दुकान, गल्ली इथे लिहिणार नाही. एका माणसाची बदनामी करायला मी हे लिहीत नाही.

मी पाच गोष्टी सांगितल्या होत्या. साड्या कापायच्या नाहीत, घड्या घालून थर लावायचे. आत बाहेरचं भरण घालायचं नाही, कापूस नको आणि फायबरही नको. सगळी शिवण हाताने, धावदोऱ्याने. वरचा थर हिरव्या इरकलीचा, तिचा पदर उशाच्या बाजूला. आणि त्या इरकलीवर काठाजवळ अम्माने केलेलं रफू आहे, ते झाकायचं नाही. प्रत्येक वाक्यावर चाचा मान हलवत होते आणि म्हणत होते, “हो जाएगा, बाजी.” पाच सूचना, पाच वेळा ‘हो जाएगा’.

महिनाभर लागेल म्हणाले होते. नवव्या दिवशी गोधडी तयार. हिरवी इरकल चौकोनी तुकड्यांत कापलेली. सगळीकडे मशीनची शिवण. आत पॉलिएस्टरचं फायबर, त्यामुळे गोधडी फुगलेली आणि हातात घेतली की हलकी. चारही बाजूंनी गुलाबी सॅटिनची पट्टी, ती मी मागितलीच नव्हती. रफूचा पत्ता नाही. एक अख्खी साडी, जांभळी, कुठेच दिसत नव्हती.

मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, “बाजी, आजकाल असंच चालतं. हाताचं कोण घेतं? तुम्हाला यातलं कळत नाही. धुवायला सोपी, वाळायला सोपी. बघा, किती छान दिसतेय.” मी म्हटलं, मी हे सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, सांगितलं होतं. मग त्यांनी फोन काढला आणि माझ्यासमोर माझ्या भावाला लावला. “भाईजान, जरा बाजींना समजवा.”

माझ्या भावाने ती गोधडी पाहिली नव्हती. साड्यांचं माप त्याला माहीत नव्हतं. मजुरी मी देत होते. तरी काम बरोबर झालं की नाही याचा निवाडा त्याच्याकडे गेला. आणि माझ्या भावाने तो दिलाही: “जाऊ दे ना आपा. गरीब माणूस आहे.”

त्यानंतर आठवडाभर मी हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. शेजारणींकडून, नातलगांकडून, आणि ज्यांच्याबरोबर मी रेशन, दाखले आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांची कामं करते त्या आपल्याच साथींकडूनही. तीन युक्तिवाद होते. तिघांनाही उत्तर देते.

पहिला: गरीब आहे, जाऊ दे. माझं म्हणणं असं की ही दया नसून तुच्छता आहे. डॉक्टरने सांगितलेल्या पायाऐवजी दुसऱ्याच पायाला प्लास्टर घातलं तर आपण ‘जाऊ दे’ म्हणत नाही. फर्निचरवाल्याने सागवान ठरवून प्लाय लावला तर आपण दुकानात उभं राहून भांडतो. मग गोधडीवाल्याला सूट का? कारण त्याच्या कामाला आपण काम मानत नाही. त्याच्या शब्दाला वजन असेल अशी आपली अपेक्षाच नाही. ज्याच्याकडून काही अपेक्षा नाही, त्याला माफ करणं फार सोपं असतं. कारागीर म्हणून त्याला मान द्यायचा तर दिलेल्या शब्दाबद्दल त्याला जाबही विचारावा लागेल. ‘जाऊ दे’ म्हणून घरी जाणारी माणसं त्याला पुढच्या वेळी चांगला दर देणार आहेत का? नाही. ती शांतपणे दुसऱ्याकडे जाणार आहेत.

दुसरा: आपल्यातलाच आहे. हे ऐकून मला हसू आलं. पिंजारी, नदाफ, मन्सुरी ही नावं आपल्यातले किती जण एरवी आदराने घेतात? पूर्वी खांद्यावर पिंजण घेऊन, तार छेडत, हा माणूस दारोदार फिरायचा आणि गाद्या-उशांचा दबलेला कापूस मोकळा करून द्यायचा. मग पिंजायची यंत्रं आली, पाठोपाठ फोमच्या गाद्या आल्या, आणि पिंजण माळ्यावर गेलं. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत ही नावं आहेत. इस्लाममध्ये जात नाही असं व्यासपीठावरून सांगणाऱ्या आपल्या समाजात जात आहे, म्हणून ती त्या यादीत आहेत. लग्नं जुळवताना ‘ते पिंजारी आहेत’ असं आवाज खाली करून सांगणारे लोक माझ्या गोधडीच्या वेळी मात्र ‘आपल्यातलाच आहे’ म्हणाले. आपलेपणा एवढाच असेल, की मुलगी देताना आठवायचा नाही आणि बाईला गप्प करताना आठवायचा, तर तो मला नको.

तिसरा युक्तिवाद कोणी उघड बोललं नाही, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता: बाई किरकिरी आहे. साडी ती साडी, गोधडी ती गोधडी, एवढा तमाशा कशाला? ज्यांना हे वाटतं त्यांना मी एकच विचारते. त्या साड्या चाचांच्या हाती मी विकल्या होत्या का? त्या अमानत होत्या. ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या रीतीने वापरून परत करायच्या. आवडनिवड हा मुद्दाच नव्हता. वस्तू कोणाची, हा मुद्दा होता.

आणि हा प्रश्न नवा नाही. फार जुना आहे. हिदाया हा हनफी कायद्याचा ग्रंथ आपल्या मदरशांत आजही शिकवला जातो. तो लिहिणारे मरगिनानी ११९७ साली वारले. चार्ल्स हॅमिल्टनने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं ते १७९१ साली, कंपनी सरकारच्या न्यायालयांना मुसलमानांच्या खटल्यांत लागतं म्हणून. त्यात मजुरीच्या प्रकरणात नेमकं माझंच भांडण आहे. कापडाचा मालक म्हणतो, मी तुला अंगरखा शिवायला सांगितला होता. शिंपी म्हणतो, नाही, सदरा सांगितला होता. किंवा रंगारी: मालक म्हणतो लाल सांगितला, रंगारी म्हणतो पिवळा. शब्द कोणाचा धरायचा? उत्तर असं की शपथेवर मालकाचा, कारण कापडाला हात लावायची परवानगी त्याच्याकडूनच आलेली असते. मग मालकापुढे दोन वाटा. कापडाची किंमत भरून घ्यावी, किंवा झालेलं काम ठेवून घ्यावं आणि त्या कामाची बाजारात चालते ती मजुरी द्यावी, ठरलेल्यापेक्षा मात्र जास्त नाही.

यात भावाला फोन लावायची तरतूद मला कुठे दिसली नाही.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. कुफ्याचे काझी इब्न अबी लैला यांचं मत उलट होतं. त्यांनी अशा भांडणात शिंप्याचा शब्द मानला. समोर होते इमाम अबू हनीफा, जे स्वतः कापडाचे व्यापारी होते. साडेबाराशे वर्षांपूर्वी एकाच शहरातल्या दोन मोठ्या माणसांचं एका कापडावरून एकमत झालं नाही. मी आणि चाचा तर कोण! तोंडी बोलण्यावर भांडण गेलं की शेवटी उरतं ते ‘मी सांगितलं’ आणि ‘नाही सांगितलं’.

म्हणून मला कुरआनमधली सर्वांत लांब आयत आठवते, सूरह बकराची २८२ वी. ही आयत आपल्याकडे कशासाठी प्रसिद्ध आहे? एका पुरुषाच्या जागी दोन स्त्रियांच्या साक्षीसाठी. बाईचा शब्द अर्धा, हे सांगायला ती घराघरांत वापरली जाते. पण तिचा विषय काय आहे? मुदतीचा व्यवहार केलात तर तो लिहून ठेवा. लहान असो वा मोठा, लिहायचा कंटाळा करू नका. पहिली आज्ञा लेखणीची आहे. आगाऊ पैसे घेऊन महिन्याने वस्तू द्यायची, हा मुदतीचा व्यवहार नाही तर काय? ती आज्ञा आपण सोईने विसरलो आणि बाईला अर्धी करणारा भाग तेवढा तोंडपाठ केला. त्या दिवशी एक साधी चिठ्ठी असती, तर माझी साक्ष अर्धी की पूर्ण हा प्रश्नच आला नसता. शेजारच्या पंजाबी आजींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “बेटा, लिहून का नाही घेतलंस?” त्यांचं घराणं फाळणीनंतर निर्वासित म्हणून इथे आलं. कागद नसला तर माणसाचं काय होतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

देशाचा कायदाही याहून फार वेगळं सांगत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात अमानतीवर अख्खं प्रकरण आहे. त्याचं कलम १७० कारागिराच्या बाजूचं आहे: सोपवलेल्या वस्तूवर त्याने ठरल्याप्रमाणे कसबाचं काम केलं असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवायचा हक्क त्याला आहे. उदाहरणं दिली आहेत ती हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याची आणि कोट शिवणाऱ्या शिंप्याची. पण हक्काची अट लक्षात घ्या: ‘ठरल्याप्रमाणे’. गिऱ्हाइकासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. मोबदला देऊन घेतलेल्या सेवेत ठरल्यापेक्षा उणीव राहिली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तोंडी करारही करारच असतो. फक्त तो सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

मी आयोगाकडे गेले नाही. का, ते सांगायलाच हवं, कारण इथे मीही आरोपी आहे.

पहिल्या दिवशी चाचांनी मजुरी २,४०० रुपये सांगितली होती. मी १,६०० वर आणली. पाचशे आगाऊ दिले आणि विजयी मुद्रेने घरी आले. साड्या न कापता, थर लावून, जवळजवळ धावदोरे घालत एक मोठी वाकळ हाताने शिवायला किती दिवस लागतात, हे मला माहीत होतं. अम्मा दुपारची झोप सोडून पावसाळाभर एक वाकळ शिवायची. तरी मी आठशे रुपये कापले, कारण घासाघीस केली नाही तर फसलो असं आपल्याला वाटतं. घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी, हे आपण सगळे व्याख्यानांत सांगतो. त्या घामाचा भाव पाडू नये, हे कोणी सांगत नाही.

दुसऱ्या खेपेला मी भावाला न कळवता एकटी गेले. मी शांत होते, तेही शांत होते. तेव्हा कळलं की गोधडी त्यांनी शिवलीच नव्हती. अँटॉप हिलकडच्या एका बाईला घरी नेऊन दिली होती. तिच्याकडे मशीन आहे, नगावर पैसे मिळतात. माझ्या पाच सूचनांपैकी तिच्यापर्यंत किती पोचल्या? चाचा म्हणाले, “तिला सांगितलं, चांगली बनव.” एवढंच. तिने तिच्या समजुतीने चांगली बनवली. सॅटिनची पट्टी तिच्या हौसेची होती.

त्या बाईचा विचार मनातून जात नाही. अहमदाबादच्या दरियापूरमधल्या मुस्लिम स्त्रिया गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवायच्या. व्यापारी चिंध्या द्यायचा, व्यापारीच माल घ्यायचा, आणि दर तोच ठरवायचा. इला भट्ट यांच्या ‘सेवा’ने त्यांना संघटित केलं तेव्हा कुठे त्या दराबद्दल बोलू लागल्या. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९६ चा करार आहे, क्रमांक १७७. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. म्हणजे माझी गोधडी जिने शिवली ती कागदावर कुठेच नाही. तिला गिऱ्हाईक दिसत नाही आणि गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. सूचना मध्येच गळते आणि मजुरीही मध्येच गळते.

मी चाचांना विचारलं, “सोळाशेत हाताने होत नव्हतं, तर तुम्ही तेव्हाच नाही का म्हटलं नाही?”

ते म्हणाले, “नाही म्हटलं असतं तर तुम्ही पुढच्या दुकानात गेला असता. तोही ‘हो जाएगा’च म्हणाला असता.”

खरं होतं. मी गेलेच असते.

तर वाचकहो, माझा राग ‘हो जाएगा’वर आहे. हा होकार खोटा असतो, हे बोलणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. कारागीर नकार देऊ शकत नाही, कारण पोट आहे. गिऱ्हाईक खरा भाव ऐकू इच्छित नाही, कारण पाकीट आहे. दोघं मिळून एक खोटं बोलतात आणि त्याची किंमत कोणाच्या तरी आईच्या साडीने मोजली जाते. चाचांची चूक मी यात बुडवणार नाही. भाव परवडत नव्हता हे साडी कापण्याचं कारण होऊ शकत नाही. कात्री लावण्याआधी एक फोन करता आला असता. नंबर होता त्यांच्याकडे. भावाचाही होता, हे तर सिद्धच झालं!

हिशोब मी जुन्या ग्रंथाच्या दुसऱ्या वाटेने केला. गोधडी ठेवली. मशीनच्या शिवणीची तिथे चालते ती मजुरी विचारली, ९०० रुपये निघाली. पाचशे दिले होते, उरलेले चारशे दिले. सॅटिन आणि फायबरचे पैसे मी दिले नाहीत, कारण ते मागितले नव्हते. ते थोडे कुरकुरले, मग घेतले. मी म्हटलं, कापलेले तुकडे मला परत हवेत, सगळे, कचऱ्यातले सुद्धा. तीन दिवसांनी एक पोतडी आली. जांभळी साडी तिच्यात अर्धी होती, उरलेली कुठे गेली ते कोणालाच सांगता आलं नाही. तळाशी इरकलीची एक चिंधी सापडली, जेमतेम हाताएवढी. तिच्यावर अम्माचं रफू होतं. ती आता माझ्या कपाटात आहे. गोधडी अजून मी अंगावर घेतलेली नाही.

आता मागणी. आपल्या चळवळीकडे पत्रकं छापायला पैसे आहेत, सभांचे बॅनर आहेत. एकदा अर्ध्या पानाची एक चिठ्ठीही छापू या, मराठीत आणि उर्दूत. गोधडीवाला, शिंपी, सुतार, रंगारी, सगळ्यांना चालेल अशी. दिलेली वस्तू काय आणि किती नग. काय करायचं. काय अजिबात करायचं नाही. हाताने की मशीनने. काम कोण करणार, दुकानात की बाहेर. मजुरी किती, आगाऊ किती, तारीख कोणती. कापण्याआधी दाखवायचं की नाही. खाली दोन सह्या किंवा अंगठे, दोन प्रती. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर दोघांच्या आवाजात बोलून ठेवा, वस्तूंचा फोटो काढून ठेवा. आणि एक ओळ कारागिरासाठी मुद्दाम ठेवा: ‘या भावात हे काम होणार नाही.’ त्या ओळीवर खूण करायची मुभा त्याला असू दे. त्याने खूण केली तर त्याच्यावर रागावू नका. एक तर भाव वाढवा, नाहीतर काम कमी करा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा कामाला कसली चिठ्ठी? भावाभावांत, मोहल्ल्यात, लिहून घेणं म्हणजे अविश्वास. मी म्हणते, उलट आहे. ज्याच्याशी उद्याही सलाम-दुआ ठेवायची आहे, त्याच्याशीच लिहून घ्यावं. चाचांशी माझी सलाम-दुआ अजून आहे. पुढच्या महिन्यात मी त्यांच्याकडे अब्बांच्या लुंग्या आणि दोन जुन्या चादरी घेऊन जाणार आहे. भाव तेच सांगतील, मी कापणार नाही. चिठ्ठी मी लिहून नेईन. अँटॉप हिलच्या त्या बाईंना मला एकदा भेटायचं आहे, हेही तिच्यात लिहीन.

आणि या वेळी कोणी माझ्या भावाला फोन लावला, तर तो उचलणार नाही. त्यालाही मी हे लेखी कळवलं आहे.